डीलची वाट पाहताना: छोट्या बायोटेक कंपनीच्या भागधारकाने काय वाचावं

अमेरिकेच्या शेअर बाजारात अशा कितीतरी बायोटेक कंपन्या आहेत, ज्यांचं एकही औषध अजून दुकानात आलेलं नाही. एखाददुसरं औषध चाचण्यांमध्ये अडकलेलं, बँकेत वर्षा-दोन वर्षांपुरती रोकड आणि ‘मोठ्या कंपन्यांशी बोलणी सुरू आहेत’ हे व्यवस्थापनाचं वाक्य, एवढंच भांडवल. अशा कंपनीचा शेअर धरून बसलेला माणूस महिनोन्महिने एकाच बातमीकडे डोळे लावून असतो: लायसन्सिंग डील. हा माणूस न्यू जर्सीत नोकरी करणारा मराठी अभियंता असेल, किंवा पुण्यात बसून रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस या परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेखाली, वर्षाला अडीच लाख डॉलरच्या मर्यादेत, अमेरिकन शेअर घेणारा असेल. त्याची घालमेल सारखीच.

सगळं लक्ष ‘डील कधी होणार’ या प्रश्नाकडे लागलेलं असतं. माझ्या मते तो प्रश्न चौथ्या क्रमांकाचा आहे. त्याआधी विचारायला हवं की डील झाल्यावर पुढचा खर्च कोण उचलणार आणि ती मोडायचा अधिकार कोणाकडे असणार. आणि या सगळ्याच्या आधी, तोवर कंपनी जगणार कशावर.

डीलमध्ये नेमकं काय दिलं-घेतलं जातं

छोट्या कंपनीकडे रेणू असतो, पेटंट असतं, सुरुवातीच्या चाचण्यांचे निकाल असतात. पण शेवटच्या टप्प्यातली शेकडो-हजारो रुग्णांवरची चाचणी, अमेरिकेच्या एफडीएची, म्हणजे औषध नियंत्रकाची, मंजुरी आणि नंतर डॉक्टरांच्या दारोदार फिरणारी विक्रीची फौज तिला परवडत नाही. मोठ्या कंपनीकडे हे सगळं तयार असतं, पण तिच्या जुन्या औषधांची पेटंटं संपत आलेली असतात आणि तिला नवा माल हवा असतो. मग छोटी कंपनी औषधाचे हक्क तिला देते. ते कधी जगभरासाठी असतात, कधी एका देशापुरते, तर कधी एका आजारापुरते.

बदल्यात पैसे तीन वाटांनी येतात. करार लागू झाला की हातात पडते ती अपफ्रंट रक्कम. चाचणी यशस्वी झाली, मंजुरी मिळाली, विक्रीने अमुक आकडा गाठला, अशा प्रत्येक टप्प्यावर मिळते ती माइलस्टोन रक्कम. औषध विकलं जाऊ लागल्यावर विक्रीतला जो हिस्सा येत राहतो ती रॉयल्टी. काही करारांत मोठी कंपनी छोटीचे शेअरही विकत घेते, बहुधा बाजारभावापेक्षा चढ्या दराने.

मथळ्यात झळकतो तो आकडा या सगळ्यांची, म्हणजे प्रत्येक टप्पा पार पडलाच असं धरून केलेली, बेरीज असते. जागेच्या व्यवहारात इसाराची रक्कम आणि ठरलेली पूर्ण किंमत यांत कोणी गल्लत करत नाही. इथे मात्र ती सर्रास होते. मानवी चाचण्यांच्या पहिल्या टप्प्यात शिरलेल्या दहा औषधांपैकी साधारण एकच शेवटी मंजुरीपर्यंत पोचतं. त्यामुळे दूरच्या टप्प्यांवर टांगलेले कोट्यवधी डॉलर आजच्या हिशेबात फार थोडे भरतात. या धंद्यातले लोक त्यांना ‘बायोबक्स’ म्हणतात आणि करार वाचताना आधी अपफ्रंट पाहतात.

अपफ्रंट मोठं असणं ही खात्रीही नव्हे. 2018 च्या फेब्रुवारीत ब्रिस्टल मायर्स स्क्विबने नेक्टार कंपनीला एका कॅन्सरच्या औषधासाठी 100 कोटी डॉलर रोख दिले आणि वर 85 कोटी डॉलरचे शेअर प्रत्येकी 102.60 डॉलरने घेतले. 2022 मध्ये ते औषध मोठ्या चाचण्यांत नापास झालं, कार्यक्रम बंद झाला आणि नेक्टारचा शेअर काही डॉलरवर आला. कंपनीला मिळालेले पैसे परत करावे लागले नाहीत. तोटा झाला तो डीलच्या बातमीनंतर शेअर घेणाऱ्यांचा.

एक कंपनी, तीन करार

या विषयात एकच उदाहरण नीट समजून घ्यायचं असेल तर मी मॅनकाइंड कॉर्पोरेशनचं देईन. ही अमेरिकन कंपनी आहे. आपल्याकडच्या दिल्लीच्या मॅनकाइंड फार्माशी तिचा काही संबंध नाही. तिचे संस्थापक आल्फ्रेड मॅन यांनी आधी मिनिमेड ही इन्सुलिन पंप बनवणारी कंपनी उभी केली होती, जी 2001 मध्ये मेडट्रॉनिकने घेतली. मॅनकाइंडमध्ये त्यांनी स्वतःचे जवळजवळ 100 कोटी डॉलर ओतले.

औषधाचं नाव अफ्रेझा. इन्सुलिनची कोरडी पूड प्लास्टिकच्या छोट्या कार्ट्रिजमध्ये भरलेली असते. जेवायला बसताना शिट्टीएवढ्या इनहेलरमध्ये कार्ट्रिज बसवायचं, ओढून घ्यायचं आणि कार्ट्रिज टाकून द्यायचं. सुई नाही आणि परिणाम पटकन. कागदावर ही कल्पना मधुमेहाचं चित्र बदलणारी वाटत होती. पण फायझरचं एक्झुबेरा हे असंच ओढायचं इन्सुलिन 2007 मध्ये बाजारातून मागे घेतलं गेलं होतं आणि फायझरने त्यापायी 280 कोटी डॉलरचा तोटा खात्यावर दाखवला होता. त्यामुळे मोठ्या कंपन्या या वाटेला जायला बिचकत होत्या.

एफडीएने 2010 मध्ये आणि पुन्हा 2011 मध्ये अफ्रेझाला मंजुरी नाकारली. नव्या उपकरणासह नव्या चाचण्या झाल्या. या काळात भागधारक एकच प्रश्न विचारत राहिले: भागीदार कोण? अखेर 27 जून 2014 ला मंजुरी आली आणि 11 ऑगस्टला भागीदारही जाहीर झाला. सनोफी. इन्सुलिनच्या व्यवसायात जगातल्या पहिल्या दोन-तीन नावांतली कंपनी, लॅन्टस या इन्सुलिनची मालक. याहून चांगला भागीदार सुचवता आला नसता.

अटी बघा. अपफ्रंट 15 कोटी डॉलर. माइलस्टोन 77.5 कोटीपर्यंत. म्हणजे मथळा 92.5 कोटींचा आणि हातात त्याचा साधारण सहावा हिस्सा. पण खरी मेख पुढच्या ओळीत होती: नफा आणि तोटा दोन्ही वाटून घ्यायचे, सनोफीकडे 65 टक्के, मॅनकाइंडकडे 35. नवं औषध बाजारात आणताना पहिली काही वर्षं तोटाच असतो. म्हणजे सुरुवातीच्या तोट्याचा एक तृतीयांशाहून मोठा भार त्याच कंपनीवर, जिच्याकडे पैसे नव्हते म्हणून तिने भागीदार शोधला होता. तो भार पेलावा म्हणून सनोफीने 17.5 कोटी डॉलरपर्यंतच्या कर्जाची सोयही करून दिली होती. भागीदाराकडूनच कर्ज घेऊन तोट्यातला आपला वाटा भरायचा, अशी ती रचना होती. ज्याने त्या दिवशी फक्त 92.5 कोटींचा मथळा वाचला, त्याला यातलं काही दिसलं नाही.

फेब्रुवारी 2015 मध्ये अफ्रेझा दुकानांत आलं. आता डॉक्टरच्या खोलीत काय घडत असेल ते डोळ्यांसमोर आणा. दमा किंवा फुप्फुसाचा जुनाट आजार असलेल्यांना हे औषध द्यायचं नाही, कारण श्वासनलिका एकाएकी आकसण्याचा धोका. तशी ठळक चौकटीतली सूचना पाकिटावरच. म्हणून औषध सुरू करण्याआधी प्रत्येक रुग्णाची फुंकर मारून घ्यायची स्पायरोमेट्री तपासणी सक्तीची. मधुमेह पाहणाऱ्या कितीतरी डॉक्टरांकडे ते यंत्रच नसतं. म्हणजे रुग्णाला दुसरीकडे पाठवा, अहवाल मागवा, शिवाय विमा कंपनीची पूर्वपरवानगी घ्या. शेजारच्या कपाटात पेनमधलं, खात्रीचं, विम्यात बसणारं इन्सुलिन असताना किती डॉक्टर एवढा खटाटोप करतील? विक्री किरकोळच राहिली.

जानेवारी 2016 मध्ये, औषध बाजारात येऊन वर्षही झालं नव्हतं, सनोफीने करार संपवत असल्याचं कळवलं. मॅनकाइंडचा शेअर एका दिवसात जवळपास निम्म्यावर आला. पुढच्या महिन्यात आल्फ्रेड मॅन वारले. ते 90 वर्षांचे होते. मार्च 2017 मध्ये कंपनीने पाच शेअरचा एक केला. याला रिव्हर्स स्प्लिट म्हणतात. शेअरचा भाव एक डॉलरच्या खाली रेंगाळू लागला की नॅस्डॅकवरची नोंदणी धोक्यात येते आणि छोट्या कंपन्या हा उपाय करतात. भागधारकाची टक्केवारी त्याने बदलत नाही, पण हजार शेअरचे दोनशे झालेले बघायला मन घट्ट करावं लागतं.

2018 मध्ये याच कंपनीने आणखी दोन करार केले. दोन्ही इतके लहान, की मथळा शोधणाऱ्यांनी त्यांच्याकडे फार लक्ष देण्याचं कारण नव्हतं.

पहिला मे महिन्यात, मुंबईच्या सिप्लाशी. भारतात अफ्रेझा विकायचे हक्क, अपफ्रंट फक्त 22 लाख डॉलर. भारतातल्या औषध नियंत्रकाची, म्हणजे सीडीएससीओची, मंजुरी जाहीर झाली ती डिसेंबर 2024 मध्ये. सही आणि मंजुरी यांत साडेसहा वर्षं. ‘डील झाली, आता भारतातल्या कोट्यवधी मधुमेहींची बाजारपेठ खुली’ असा हिशेब 2018 मध्ये ज्याने मांडला असेल, त्याने बाजारपेठेचा आकार बरोबर धरला असेल, वेळ नाही.

दुसरा सप्टेंबरमध्ये, युनायटेड थेराप्युटिक्सशी. फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा दाब वाढण्याच्या आजारावर त्या कंपनीचं ट्रेप्रोस्टिनिल नावाचं औषध होतं. मॅनकाइंडने इन्सुलिनसाठी घडवलेली पुडीची पद्धत त्याला वापरायची असं ठरलं. अपफ्रंट 4.5 कोटी डॉलर, माइलस्टोन 5 कोटीपर्यंत. मथळ्याच्या दृष्टीने सनोफीच्या करारापुढे किरकोळ. पण चाचण्या, मंजुरी, विक्री हा सगळा खर्च युनायटेडचा. मॅनकाइंडने माल बनवून द्यायचा आणि दोन आकडी टक्क्यांची रॉयल्टी घ्यायची. मे 2022 मध्ये टायव्हासो डीपीआय या नावाने ते मंजूर झालं आणि आज त्या रॉयल्टीवर आणि उत्पादनाच्या कामावर मॅनकाइंडच्या उत्पन्नाचा मोठा भाग उभा आहे.

सनोफी मोठी आणि युनायटेड त्या मानाने छोटी, एवढ्यावरून यांतला चांगला करार ओळखता आला नसता. युनायटेडचं स्वतःचं मुख्य औषध त्या पुडीवर अवलंबून होणार होतं. सनोफीसाठी अफ्रेझा हे अनेक औषधांपैकी एक होतं. भागीदार किती मोठा आहे यापेक्षा आपलं औषध त्याला किती निकडीचं आहे, हे मी आधी पाहीन.

बातमी का येत नाही

बोलणी सुरू असताना कंपनी गप्प का बसते, हा भागधारकांचा नेहमीचा राग. याचं उत्तर बरंचसं कायद्यात आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्ये बेसिक विरुद्ध लेव्हिन्सन या खटल्यात निकाल दिला. बेसिक नावाच्या कंपनीची विलीनीकरणाची बोलणी चालू होती आणि ती जाहीरपणे तीनदा ‘असं काही नाही’ म्हणाली होती. त्या भरवशावर शेअर विकून बसलेले लोक कोर्टात गेले. कोर्टाने सांगितलं की घटना घडण्याची शक्यता किती आणि घडली तर तिचा परिणाम किती, या दोन्हींवरून तिचं महत्त्व ठरतं. महत्त्वाच्या गोष्टीबद्दल खोटं बोलता येणार नाही. पण बोलायचं बंधन नसेल तिथे गप्प राहणं म्हणजे फसवणूक नव्हे. तेव्हापासून वकिलांचा सल्ला ठरलेला: हो म्हणू नका, नाही म्हणू नका, ‘आम्ही यावर भाष्य करत नाही’ म्हणा.

शिवाय 2000 सालापासून रेग्युलेशन एफडी हा नियम आहे. महत्त्वाची माहिती एखाद्या विश्लेषकाला किंवा भागधारकाला एकट्याला गाठून सांगायची नाही, सांगायची तर सगळ्यांना एकदम. त्यामुळे कंपनीच्या गुंतवणूकदार विभागाकडून आलेल्या उत्तरातल्या शब्दांमागे इशारा शोधत बसणं व्यर्थ आहे. तो माणूस नियम पाळत असेल तर त्याने काही सांगितलेलं नसतं, आणि पाळत नसेल तर त्या कंपनीपासून लांब राहिलेलं बरं.

गप्प बसलेल्या कंपनीभोवती मग चिन्हं वाचायचा खेळ सुरू होतो. जानेवारीत सॅन फ्रान्सिस्कोत जेपी मॉर्गनची आरोग्य क्षेत्राची मोठी परिषद असते, कंपनीचे सीईओ तिथे दिसले म्हणजे डील नक्की. तिथे तर जवळजवळ सगळेच जातात. संचालकांनी शेअर घेतले तर ‘त्यांना माहीत आहे’. घेतले नाहीत तर ‘गोपनीय माहिती हाताशी असल्याने त्यांना घेता येत नाहीत, म्हणजे डील जवळ आली’. दोन्ही बाजूंनी एकच निष्कर्ष निघत असेल तर त्या चिन्हात माहिती नाही, एवढं मनाशी पक्कं करावं.

बोलणी लांबतात त्याचं साधं कारण काम मोठं असतं हे. गोपनीयतेचा करार, मग सगळ्या चाचण्यांची कच्ची आकडेवारी, पेटंटची कागदपत्रं, कारखान्याच्या नोंदी यांची तपासणी, मग अटींचा मसुदा, दोन्हीकडचे वकील, दोन्हीकडची संचालक मंडळं. यातल्या कुठल्याही पायरीवर गोष्ट मोडू शकते आणि मोडली तर बहुधा कोणाला कळतही नाही.

रोकड संपत असताना

हा भाग मला सगळ्यांत कळकळीने सांगायचा आहे. समजा कंपनीकडे 4 कोटी डॉलर आहेत आणि तिमाहीला 1 कोटी खर्च होतो. एक वर्ष. हा आकडा तिमाही अहवालात, 10-क्यू मध्ये, छापलेला असतो. तो तुम्ही वाचता तसाच समोरची मोठी कंपनीही वाचते. तुम्ही वाट पाहता तशी तीही वाट पाहू शकते. फरक एवढाच की प्रत्येक तिमाहीबरोबर तिचं पारडं जड होत जातं. सहा महिन्यांची रोकड उरलेल्या कंपनीला चांगल्या अटी मिळणं अवघड असतं.

रोकड संपत आली की कंपनी नवे शेअर काढते. एक मार्ग म्हणजे एटीएम, अर्थात रोजच्या बाजारभावाने थोडे थोडे नवे शेअर विकत राहणं. त्याची दररोज घोषणा होत नाही. किती विकले ते बहुधा तिमाही अहवालातच कळतं. अफवेने भाव उसळला की भागधारक खूश होतात आणि त्याच दिवशी कंपनी त्यांना नवे शेअर विकत असू शकते. यात बेकायदेशीर काही नाही. मात्र डील येईल तेव्हा तिचा फायदा जास्त शेअरमध्ये वाटला जाईल. ज्या कंपनीच्या बाहेरच्या भागधारकांकडच्या शेअरचं मूल्य साडेसात कोटी डॉलरच्या खाली असतं, तिला एटीएमसाठी लागणाऱ्या सोप्या नोंदणीखाली बारा महिन्यांत त्या मूल्याच्या एक तृतीयांशापर्यंतच शेअर विकता येतात. मग ती वॉरंटसारख्या, म्हणजे ठरलेल्या भावाने पुढे शेअर घ्यायच्या हक्कासारख्या, जादा सवलती देऊन खासगी गुंतवणूकदारांकडे जाते आणि जुन्या भागधारकाचा वाटा आणखी पातळ होतो.

म्हणून दर तिमाहीला तीन गोष्टी लिहून ठेवा: हातातली रोकड, तिमाहीचा खर्च आणि एकूण शेअरची संख्या. शेअरची संख्या वर्षभरात दीडपट झाली असेल तर ‘भाव तिथेच आहे’ या समाधानात अर्थ नाही. आणि लेखापरीक्षकाने पुढचे बारा महिने कंपनी चालेल का याबद्दल शंका नोंदवली असेल, तर ती ओळ डीलच्या कुठल्याही अफवेपेक्षा वजनदार आहे.

आपल्याकडे अशा अफवांबाबतचे नियम जरा वेगळे आहेत. सेबीने बाजारमूल्याने पहिल्या अडीचशे कंपन्यांवर अफवा-पडताळणीचं बंधन घातलं आहे. प्रसारमाध्यमांतल्या बातमीने भावात मोठी हालचाल झाली तर चोवीस तासांत ती खरी, खोटी की आणखी काही हे सांगावं लागतं. अपफ्रंटकडे का पाहायचं याची उदाहरणंही आपल्याकडे आहेत. जुलै 2025 मध्ये मुंबईच्या ग्लेनमार्कच्या आयजीआय या संशोधन कंपनीने रक्ताच्या कॅन्सरवरचं, अजून पहिल्या टप्प्यात असलेलं औषध अ‍ॅबव्हीला दिलं. अपफ्रंट 70 कोटी डॉलर आणि माइलस्टोन 122.5 कोटीपर्यंत. एकूण आकड्यातला तिसऱ्या हिश्शाहून मोठा भाग सुरुवातीलाच, हे प्रमाण खरोखर लक्षात ठेवण्याजोगं. याच ग्लेनमार्कने 2007 मध्ये वेदनेवरचं एक औषध एली लिलीला 4.5 कोटी डॉलर अपफ्रंटवर दिलं होतं आणि पुढच्याच वर्षी त्याच्या चाचण्या थांबल्या होत्या.

ज्या दिवशी घोषणा होईल

प्रसिद्धिपत्रक बाजूला ठेवा. अमेरिकेत महत्त्वाचा करार झाला की चार कामकाजाच्या दिवसांत 8-के नावाचा अर्ज भरावा लागतो, त्यातल्या 1.01 क्रमांकाखाली कराराच्या मुख्य अटी असतात. अपफ्रंट किती आणि ते केव्हा मिळणार हे पाहा. मोठ्या करारांना स्पर्धा कायद्याखाली सरकारी तपासणीची मुदत असते, ती संपल्याशिवाय पैसे येत नाहीत. पुढच्या चाचणीचा खर्च कोणावर, तोटा वाटायचा आहे का, रॉयल्टी ढोबळ विक्रीवर की वजावटींनंतरच्या, हे शोधा.

प्रत्यक्ष करारपत्र बहुधा पुढच्या तिमाही किंवा वार्षिक अहवालाला जोडलेलं सापडतं. काही आकडे झाकलेले असतात, पण करार संपवण्याचं कलम सहसा वाचता येतं. मोठ्या कंपनीला काहीही कारण न देता, नुसत्या नोटिशीवर बाहेर पडता येतं का, नोटीस किती दिवसांची, आणि ती बाहेर पडली तर चाचण्यांची आकडेवारी, एफडीएकडची फाइल आणि हक्क छोट्या कंपनीकडे परत येतात का, हे तिथे लिहिलेलं असतं. 2016 मध्ये सनोफी निघून गेली तेव्हा अफ्रेझाचे हक्क मॅनकाइंडकडे परत आले, म्हणून दोन वर्षांनी सिप्लाला द्यायला तिच्याकडे काही होतं.